टर्बो पेट्रोल गाडीत ऑइलचं गेज लावावं का? माझं मत: लावावंच

सह्यकडा

फ्रॉन्क्स, व्हेन्यू, टायगुन, मॅग्नाइट... एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आता सोसायटीच्या प्रत्येक पार्किंगमध्ये दिसतं. आणि नेमकी याच काळात डॅशबोर्डवरची माहिती आटत गेली. कूलंटला चार कांड्या, ऑइलला एक लाल दिवा, संपलं. ज्याची वर्षभर घाटातून ये-जा आहे, त्याने टर्बो गाडीत ऑइलचं तापमान आणि ऑइलचा दाब दाखवणारी दोन गेजं लावून घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण सांगतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे मारतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या आसपास तापलेला धूर. म्हणजे ऑइलने वंगणही द्यायचं आणि उष्णताही वाहून न्यायची. आता वरंधा घाट चढताना काय होतं बघा. चार माणसं, एसी चालू, दुसरा गिअर, साडेतीन हजार आरपीएम आणि वेग जेमतेम तीस-पस्तीस. इंजिन राबतंय, पण रेडिएटरला वारा नाही. कूलंटचा काटा तरीही मध्यावर ठाम, कारण त्याची रचनाच तशी केलेली असते. अनेक गाड्यांत कूलंट ८० अंश असो की १०५, काटा जागचा हलत नाही. ऑइल त्या वेळी १२० ओलांडून गेलेलं असू शकतं.

लाल दिव्याचं म्हणाल, तर बऱ्याच गाड्यांत तो दाब अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास घसरल्यावर पेटतो. चार हजार आरपीएमला तीन-चार बार लागणाऱ्या इंजिनात अर्धा बार उरला, म्हणजे बेअरिंग गेल्यात जमा.

बूस्टचं, म्हणजे टर्बो किती दाबाने हवा देतो ते दाखवणारं गेज मी मुद्दाम वगळलंय. गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर तो काटा बघून चालवणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं. विरोधी मत जरूर मांडा, पण कारणासकट.

इंजिनघर

असहमत. मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्या भीतीपोटी तुम्ही गेज लावताय, ती गोष्ट गेजला दिसतच नाही. ऑइल जळून काळा थर बसतो तो टर्बोच्या बेअरिंगपाशी, आणि तोही मुख्यतः तापलेली गाडी एकदम बंद केल्यावर. पंप थांबतो, ऑइल जागच्या जागी अडकतं आणि टर्बाइनची उष्णता त्यात उतरत राहते. तुमचा सेन्सर फिल्टरपाशी. तो निवांत १०५ दाखवत असेल आणि त्याच वेळी बेअरिंगमधलं ऑइल कितीतरी वर गेलेलं असेल. यावरचा इलाज कंपन्यांनी केव्हाच केलाय, तो म्हणजे बेअरिंगभोवती कूलंट फिरवायचं. फोक्सवॅगनच्या टीएसआय या टर्बो इंजिनांमध्ये तर इंजिन बंद झाल्यावरही एक छोटा इलेक्ट्रिक पंप ते फिरवू शकतो.

दाबाचं गेज तर जास्तच फसवं. नव्या इंजिनांपैकी अनेकांत ऑइल पंपाची क्षमता बदलती असते आणि इंधन वाचावं म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दाब मुद्दाम कमी ठेवतो. ‘हजार आरपीएमला दहा पीएसआय’ हा जुना हिशोब डोक्यात धरलेला माणूस दीड बार बघून भर घाटात, वळणावर गाडी उभी करेल. ते जास्त धोक्याचं आहे.

तेवढे पैसे चांगल्या ऑइलवर घाला. १५० अंशांना ऑइलचा थर किती टिकतो त्याची चाचणी असते. त्यात झीरो-डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडला किमान २.६ लागतात, फाइव्ह-डब्ल्यू-४० या जाड ग्रेडला ३.५. मॅन्युअलमध्ये एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील तर घाटवाल्याने त्यांतली जाड निवडावी. हा फरक कुठल्याही काट्यापेक्षा मोठा आहे.

पहाटवारा

तुम्ही दोघंही घाटातच अडकलात. ऑइलच्या गेजचा खरा उपयोग सकाळी आहे.

मी नाशिकची. थंडीत इथे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. कूलंट थंड असल्याची निळी खूण पाच-सहा मिनिटांत जाते आणि वाटतं, गाडी तापली. ऑइल तेव्हा पन्नाशीच्या आसपास रेंगाळत असतं. त्याला कूलंटच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. आपण मात्र तोवर हायवेला लागून ट्रकला मागे टाकायला पाय दाबलेला असतो. ऑइल इतकं घट्ट असताना जास्त आरपीएमला फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. गेज लावल्यापासून काटा सत्तरच्या पुढे जाईपर्यंत मी अडीच हजार आरपीएम ओलांडत नाही.

दुसरं, माझ्या ऑफिसच्या छोट्या अंतरात ऑइल ७५ च्या वर चढतच नाही, हे मला गेजमुळेच कळलं. त्या तापमानाला ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल नीट उडून जात नाही. म्हणून मी ऑइल कंपनीने दिलेल्या किलोमीटरांच्या आधीच बदलते आणि रविवारी गाडी त्र्यंबकपर्यंत मोकळी चालवून आणते.

इंजिनघर

@पहाटवारा, मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी गेज कशाला? सुरुवातीची दहा-बारा मिनिटं हलक्या पायाने चालवली की झालं.

पहाटवारा

दहा-बारा मिनिटं कुठली, मे महिन्यातली की जानेवारीतली? सिग्नलला उभं राहून गेलेली की रस्त्यावर चालवलेली? मला अंदाज नको, आकडा हवा. जो माणूस काटा बघतो त्याचा पाय आपोआप हलका होतो, हे मी घरातल्या दुसऱ्या चालकावरून सांगते.

वऱ्हाडी माणूस

अकोल्याले मे महिन्यात ४५ च्या वर जाते भाऊ. गेज लावून नुसता जीवच घाबरते. मी सरळ मोठा ऑइल कूलर बसवायचा विचार करून राहिलो. ज्याले दुखते त्याले औषध, काटा बघून काय करता?

गॅरेजवाला (गडहिंग्लज)

वऱ्हाडी दादा, थांबा. थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच कूलरची वाट उघडणारी झडप) नसलेला कूलर बसवलात तर मे महिना निघेल, पण डिसेंबरात ऑइल तापणारच नाही आणि वर ताईंनी सांगितलेला सगळा त्रास तुम्हाला होईल. ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट असलेली प्लेट घ्या. आणि तुमच्या गाडीत ऑइल-कूलंटचा छोटा कूलर फिल्टरच्या हाउसिंगवर आधीच आहे का ते बघा. बऱ्याच टर्बो गाड्यांत असतो. असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि कापूस काढा.

आता गेजबद्दल. माझा गेजला विरोध नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत काय बघतो ते लिहितो. लाल दिव्याचा प्रेशर स्विच काढून तिथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावतात आणि त्या टीवर जाडजूड सेंडर, म्हणजे गेजला दाब कळवणारा सेन्सर, तसाच लोंबकळत सोडतात. तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मुळातच जास्त. काही महिन्यांत टी मानेपाशी तडकते. दाबाखालचं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर आग लागते. सेंडर कधीही ब्लॉकवर लटकवू नका. जाळीची लवचीक होज घ्या आणि सेंडर बॉडीवर क्लिपने पक्का करा.

दुसरं, ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर) गेजचा पॉड, म्हणजे डबी, चिकटवतात. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत ती बॅग बहुधा त्याच कव्हरच्या आतून उघडते. पॉड तिच्या वाटेत आला तर सरळ माणसाच्या तोंडावर येईल. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी हे काम मी करत नाही.

सह्यकडा

@गॅरेजवाला, धन्यवाद. गेज स्टिअरिंग कॉलमच्या वर बसवतो, ए-पिलर रद्द.

@इंजिनघर, बेअरिंगमधलं तापमान गेजला दिसत नाही हे मान्य. पण चेंबरमधलं (इंजिनच्या तळातलं) ऑइल १२५ ला आहे हे कळलं, तर मी माथ्यावर पोचण्याआधीच एक गिअर वर टाकून पाय सैल करेन आणि शेवटचे दोन किलोमीटर गाडी शांत चालवून मग बंद करेन. दर दहा अंशांमागे ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हे तुमच्याच क्षेत्रातलं गणित ना? मग ११० आणि १३० मधला फरक चालवणाऱ्यापासून का लपवायचा? दाबाचंही तेच. दीड बार चांगला की वाईट हे पहिल्या दिवशी कळणार नाही. पण रोज त्याच चढावर, त्याच आरपीएमला अडीच दिसणारा काटा एका दिवशी दीडवर आला, तर लाल दिव्याच्या कितीतरी आधी मला बोनेट उघडता येईल.

इंजिनघर

सवयीच्या आकड्याशी तुलना करायची हे पटतं. तरीही मी आधी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघा म्हणेन. एकही नळी उघडावी लागत नाही, वॉरंटीवरून वाद होत नाही. कूलंटचं खरं तापमान तर नक्की मिळतं. ऑइलचं मिळालं तर तो आकडा सेन्सरचा आहे की ईसीयूने हिशोबाने काढलेला, हे तपासा. स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत ऑइलचं तापमान ट्रिप कॉम्प्युटरवरच दिसतं. मेनू न बघताच लोक गेज मागवतात. आणि ऑइलची पातळी बघायची डिपस्टिक? या इंजिनांत सगळं मिळून चारेक लिटर ऑइल. त्यात अर्धा लिटर कमी असेल तर उरलेलं तेवढंच जास्त तापणार.

पहाटवारा

डिपस्टिकला माझं अनुमोदन. पण वॉरंटी संपलेल्या गाडीला आणि डोंगलवर ऑइल न दाखवणाऱ्या गाडीला तुमच्याकडे उत्तर नाही, इंजिनघर. माझी दोन्हीत बसते.

सह्यकडा

माझी डोंगलवर ऑइल दाखवत नाही, आजच बघितलं. तापमानाचं गेज लावतोय हे नक्की. दाबासाठी अ‍ॅडॉप्टर शोधतोय, पुण्यात भवानी पेठेत मिळेल असं एकाने सांगितलं. सेंडरचे आटे एक-अष्टमांश एनपीटी (अमेरिकन माप) आहेत.

गॅरेजवाला (गडहिंग्लज)

आधी गाडीचा स्विच काढून आटे मोजा, मग दुकानात जा. फोक्सवॅगन असेल तर बहुधा एम-१० बाय १. जपानी असेल तर बहुधा एक-अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश माप). त्याला इंचात २८ आटे, तुमच्या एनपीटीला २७. हाताने एक-दोन फेरे छान बसतं, पान्याने आवळलं की ब्लॉकमधले आटे मरतात. स्विच सोबत घेऊनच जा.