जुन्या लष्करी रायफलीला भोकं पाडून नकली माउंट बसवावेत का?

तापीकाठचा (भुसावळ):
आमचे मेहुणे टेक्सासात असतात. त्यांनी तिकडं दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफिल्ड नंबर ४ ही ब्रिटिश लष्करी रायफल घेतली, अमेरिकेत सॅव्हेज कंपनीनं बनवलेली. रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या पोलादी भागाच्या) डाव्या अंगावरचा 'यू.एस. प्रॉपर्टी' हा शिक्का अजून स्वच्छ वाचता येतो. आता ब्रिटिश स्नायपरसारखी दुर्बीण बसवायची म्हणून त्यांनी नकली माउंटचा सेट मागवलाय, म्हणजे दुर्बीण धरणारं ब्रॅकेट आणि ते रायफलीवर बसवायचे पॅड. त्याचे पॅड नेमके त्याच अंगाला भोकं पाडून स्क्रूनं आवळायचे. माझं मत: पाडू नयेत. खरी 'टी' रायफल (ब्रिटिशांची ती स्नायपर) म्हणजे नुसती दुर्बीण लावलेली नंबर ४ नव्हे. नेमबाजीत सरस ठरलेल्या रायफली निवडून १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जायच्या. ब्रॅकेट आणि दुर्बीण एकेका रायफलीला जुळवून बसवत, दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर ठोकत. मेहुण्यांची ना धड सॅव्हेज राहणार, ना 'टी' होणार.

यावलकर:
काय भो, एकट्या सॅव्हेजनं दहा लाखांवर बनवल्या! त्यातल्या एकीला भोकं पडली तर कुठला इतिहास बुडतो? मेहुणे साठीचे असतील तर पुढची माशी धूसर दिसते, निशाण त्याहून धूसर. रायफल चालवायला घेतली की कपाटात ठेवायला?

तापीकाठचा:
मग भोक न पाडता बसणारे माउंट घ्या ना. मागची साइट काढून तिच्या जागी बसतात. काढले की रायफल होती तशी.

वरणगावचे काका:
मी काडतुसांच्या कारखान्यात जन्म काढला, त्यामुळं शिक्क्यांपेक्षा मापावर बोलतो. ते बिनभोकाचे माउंट जेमतेम एकदोन स्क्रूंवर तग धरतात. या रायफलीच्या ३०३ काडतुसाचा धक्का बसत राहिला की ढिले होतात, मग निशाण आज इथं, उद्या तिथं. पण भोकं पाडणंही सोपं नाही. पोलाद कडक केलेलं, बरमा घसरतो. पॅड केसभर तिरका बसला तरी दुर्बीण नळीशी जुळत नाही आणि दुर्बिणीचे निशाण जुळवायचे स्क्रू फिरवायला जागा उरत नाही. मग बसा पत्र्याच्या चकत्या घालत. जिग (बरमा नेमक्या जागी धरणारा साचा) असलेल्या गनस्मिथकडून करून घेणार असतील तर माझी ना नाही. घरच्या ड्रिलनं मात्र अजिबात नको.

धुळ्याचा बापू:
काका मापाचं बोलले, मी बाजाराचं बोलतो. अशाच रायफलींवर पुढं कुणीतरी 'टी' ठोकतो आणि अस्सल म्हणून कैक पट भावानं गळ्यात मारतो.

यावलकर:
तो दोष ठोकणाऱ्याचा. माउंटनं काय घोडं मारलं?

धुळ्याचा बापू:
बरं, तो वाद राहू द्या. हे वाचून इथं कुणी आजोबांच्या ३१५ बोअरच्या रायफलीला बरमा लावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं असं काम परवानाधारक कारागिरानंच करायचं असतं. ३०३ तर आपल्याकडं साध्या परवान्यावर मिळतच नाही. आणि भाऊ, त्या रायफलीचं पुढचं लाकूड कापलेलं आहे का? शिकारीसाठी कुणी आधीच कापून हलकी केली असेल तर माझा विरोध मागे.

तापीकाठचा:
पूर्ण आहे, पुढच्या पट्ट्यासकट. बोल्टचा नंबरही रिसीव्हरशी जुळतो. म्हणून तर जीव तुटतो.

यावलकर:
रायफल त्यांची, डोळे त्यांचे. मी असतो तर आजच गनस्मिथ गाठला असता.

वरणगावचे काका:
जुळत्या नंबराची असेल तर मीही थांबा म्हणेन. तिकडं कापलेल्या नंबर ४ पुष्कळ मिळतात, स्वस्तही असतात. सेट आलाच आहे, तर तो अशा एखादीला लावा. मेहुण्यांना एवढं विचारा की सेटमधले पॅड ओतीव आहेत की मशीनवर कापलेले, आणि त्यांचा फोटो इथं टाका.