मदत हवी आहे: कंपोस्टच्या ड्रममध्ये जाड पांढऱ्या अळ्या, इकडं वांग्याचं झाड मान टाकून बसलंय

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितेय. गच्चीवर थोडाफार भाजीपाला लावते, त्यात यंदा एकच हट्ट होता, भरताची वांगी घरची पाहिजेत. जांभळी नाही, आपली हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक वांगं हातात मावत नाही ती. बामणोदच्या नातेवाइकांनी बी दिलं, रोपंही मस्त झाली. आमच्या आई (सासूबाई) चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग त्यांचं सुरू होतं, तर त्या दिवशी ताटात गच्चीवरचं वांगं पाहिजे एवढाच प्लॅन होता. आता ऑक्टोबर चाललाय, झाडं कमरेला लागलीत, फुलं धरलीत आणि नेमकी आत्ताच गडबड सुरू झाली.

एक झाड दुपारी मलूल व्हायचं आणि संध्याकाळी परत ताठ, म्हटलं ऑक्टोबर हीट आहे, होणारच. पण आता ते सकाळीसुद्धा उठत नाही. माती ओली आहे, पानं हिरवीच आहेत, पिवळी पडलेली नाहीत, डागबिग काही नाही, नुसती लोंबतायत. जरा हलवून पाहिलं तर खोड मातीत सैल लागलं. शेजारच्या दोन झाडांचं वेगळंच, त्यांचे फक्त शेंडे वाकलेत, खालचं झाड एकदम टवटवीत. हे एकच दुखणं आहे की दोन, तेच कळेना.

आता कंपोस्टचं सांगते, कारण संशय तिकडंच आहे. प्लॅस्टिकचा ड्रम आहे, बाजूनं भोकं पाडलेला, घरातला ओला कचरा त्यात जातो. उन्हाळाभर छान चाललं, पावसाळ्यात गिच्च झालं, त्यात दीर शेतातून केळीच्या खांबाचे तुकडे घेऊन आले, ‘यात पोटॅश असतं वहिनी, टाका’, ते टाकल्यापासून तर खालून पाणीच गळतंय आणि झाकण उघडलं की गटारासारखा वास. आणि अळ्या! वरच्या थरात चपट्या, करड्या, बिनपायाच्या, ढिगानं वळवळतात. खाली जिथं खत जवळजवळ तयार आहे, काळं, भुसभुशीत, तिथं दुसऱ्याच, जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, वेटोळं करून पडलेल्या, करंगळीएवढ्या. वांग्याच्या बॅगांमध्ये श्रावणात मी याच ड्रमचं खत घातलं होतं, शिवाय गावाकडून आलेलं शेणखतही होतं.

आबा म्हणतात ही हुमणी, मुळं खाणारी अळी, सगळं उकिरड्यावर टाक. शेजारच्या काकू म्हणतात अगं त्याच तर खत करतात, हात लावू नको. खताच्या दुकानात विचारलं तर त्यांनी न पाहताच दाणेदार औषधाची पुडी पुढं केली, ती मी घेतली नाही, खायचं वांगं आहे बाबा. आईंचं एकच, ‘फेकी दे ते आते, बजारमा वांगा काय कमी शेतस का?’ खरं आहे, आपल्याकडं थंडीत वांग्यांना तोटा नाही, पण मग एवढं पाणी धरून ठेवून झाडं कशाला जगवली? नळ रोज येत नाही आमच्याकडं, धुण्याभांड्याच्या हिशोबातून वाचवून यांना घातलंय.

तर ड्रममधल्या अळ्या हुमणी आहेत का ते ओळखायचं कसं, हे खत मेथी-पालकाच्या नव्या ट्रेमध्ये घालू की नको, ते सैल झालेलं झाड वाचेल का, आणि वासाचं काय करू, वरच्या मजल्यावरच्या वहिनी तोंडावर काही बोलत नाहीत पण खिडकी लावून घेतात.

प्रतिसाद, पऱ्हाटीवाला:
ताई, टाकून देऊ नका, आधी बघा. ती जाड अळी एखाद्या ताटलीत किंवा फरशीवर सोडा आणि थांबा. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरपटायला लागली तर ती फूलभुंग्याची, ती कुजलेलंच खाते, तुमच्या खताचं काम करते, तिला परत ड्रममध्ये सोडा. वेटोळं करून पडून राहिली, किंवा पायांवर चालायला लागली तर हुमणी समजा. आमच्याकडं शेणखताच्या ढिगात दोन्ही निघतात, लोक सगळ्यांनाच हुमणी म्हणतात. वरच्या थरातल्या चपट्या करड्या मात्र तिसऱ्याच, काळ्या सैनिक माशीच्या. त्या मुळांना हात लावत नाहीत, ओला कचरा फडशा पाडतात, माशी मोठी झाली की घरात जेवणावर येऊन बसत नाही. त्या खूप झाल्या म्हणजे ड्रममध्ये ओलं जास्त आहे एवढाच अर्थ.

सैल खोड म्हणजे मुळं खाल्लीत, नव्वद टक्के. बॅग गोणपाटावर उलटी करा भो, बघत बसू नका. हुमणीचा मोठा टप्पा याच दिवसांत असतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर, एका कुंडीत दोन-तीन जरी असल्या तरी झाड बसतं. माझा संशय तुमच्या ड्रमपेक्षा त्या कच्च्या शेणखतावर आहे. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, निंबावर, बाभळीवर बसतात, माद्या मातीत आणि शेणखतात अंडी घालतात. न कुजलेलं खत आणलं की पाहुणे सोबत येतात.

प्रतिसाद, निंबोळी:
वरचं बरोबर आहे, पण झाड उपटायच्या आधी मर रोग नाही ना ते तपासा, कारण हिरव्या पानानिशी झाड लोंबणं त्याचंही लक्षण आहे. मातीजवळून खोडाचा तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगता धरा, हलवू नका. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखे धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर. मग ती माती वांगी, टोमॅटो, मिरची कशालाच परत वापरायची नाही आणि ते झाड कंपोस्टमध्ये अजिबात नाही. (आख्खं खोड कापायला जीव होत नसेल तर खालची जाड फांदी घ्या, पण खात्री खोडाचीच.)

शेंडे वाकलेली दोन झाडं हा वेगळा विषय. ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. वाकलेल्या भागाच्या बोटभर खालून कापा, उभा चिरा, आत गुलाबीसर अळी सापडेल. कापलेले शेंडे साबणाच्या पाण्यात बुडवा, नुसते खाली टाकलेत तर अळी मातीत उतरून कोष करते आणि पुन्हा तेच. आता शेंड्यात आहे, फळ धरलं की फळात शिरणार, आणि भरताला वांगं भाजून सोललं की आत जे निघतं ते चंपाषष्ठीला नको. रोज सकाळी एक चक्कर मारून शेंडे खुडा, गच्चीवरच्या झाडांना तेवढं पुरतं. सोबत निंबोळी अर्क, लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा.

प्रतिसाद, पऱ्हाटीवाला:
वासाचं राहिलंच. केळीचा खांब म्हणजे निव्वळ पाणी, दहातले नऊ भाग पाणीच. पोटॅश खरं, पण तो टाकायचा तर बारीक चिरून, उन्हात सुकवून. आता ड्रम रिकामा करा, पसरा, आणि परत भरताना ओल्याच्या दुप्पट कोरडं जाऊ द्या, पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) चुरा, वाळलेली केळीची पानं, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब निघावा, धार नको. हवा लागली की गटाराचा वास दोन-चार दिवसांत जातो. वरच्या वहिनींना पहिली मेथी द्या, खिडकी उघडेल.

खालचं काळं खत चाळून थोडं सावलीत ठेवा आणि एका वाटीत मेथीदाणे पेरून बघा. नीट उगवले तर खत तयार, पिवळे पडले किंवा उगवलेच नाहीत तर अजून कच्चं आहे.

धागाकर्ती:
केलं सगळं. ड्रममधल्या जाड अळ्या फरशीवर सोडल्या तर खरंच पाठीवर उलट्या होऊन सरसर निघाल्या, आबा चष्मा लावून बघत बसले आणि पहिल्यांदा काही बोलले नाहीत. ग्लासातलं पाणी स्वच्छच राहिलं. बॅग उपसली तर तीन निघाल्या, पायांवर चालणाऱ्या, आणि मुळांचा नुसता बुंधा राहिलाय. अळ्या कठड्यावर ठेवल्या, साळुंक्यांनी लगेच उचलल्या. झाडाचे अर्धे फाटे छाटून नव्या मातीत लावलंय, सावलीत आहे, बघू. शेंडे चिरले, गुलाबी अळी सापडली. वाटीतली मेथी अजून उगवायची आहे. आता एकच विचारायचंय, बाकीच्या बॅगांमध्येही तेच शेणखत आहे, सगळ्या उपसायच्या का? फुलं गळतील ना.

प्रतिसाद, निंबोळी:
फुलावर आलेल्या बॅगा उपसू नका. खोड हलवून बघा, घट्ट असतील तर कडेनं चार बोटं माती उकरून हाताला लागतील तेवढ्या काढा. मग मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, हुमणीवर रोग पाडते, झाडाला आणि माणसाला काही नाही, ती पाकिटावरच्या प्रमाणात चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून मुळांशी द्या आणि माती ओलसर ठेवा, कोरड्यात ती काम करत नाही. बुरशीनाशक त्याच मातीत घालू नका, नाहीतर पैसे वाया. घेताना पाकिटावरची तारीख बघा, दुकानात उन्हात पडलेलं घेऊ नका. तुम्ही जळगावच्या, ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे, तिथं आधी विचारून बघा, जाताना एक अळी डबीत घालून न्या.