परवान्याची कारवाई आणि विद्यार्थ्याचे काम

डॉक्टरांच्या गैरवर्तनाचे सरकारी खटले फौजदारीच असतात आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयात क्लार्कशिप (शिकाऊ काम) करणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला तेथे फायली लावण्यापलीकडे काही मिळत नाही, असे काहींचे म्हणणे असते. कॅलिफोर्नियापुरते तरी हे पटत नाही. तेथे ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयातील आरोग्यविषयक विभाग डॉक्टरांना परवाने देणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या बाजूने परवान्यावर कारवाई मागतो. सुनावणी ज्युरीपुढे नव्हे, तर प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते आणि त्याने सुचवलेला निर्णय स्वीकारायचा की नाही, हे बोर्ड ठरवते. पुराव्याची पातळी सामान्य दिवाणी दाव्याहून वरची, पण फौजदारीहून खालची असते, हे तेथील अपील न्यायालयाच्या १९८२ च्या एटिंजर निकालाने स्पष्ट केले.

विद्यार्थ्याचा कस लागतो तो रुग्णाच्या कागदपत्रांत. समजा, नर्सने रक्तदाब घसरल्याची नोंद रात्री २.१० ला केली आहे आणि डॉक्टरांची त्याच प्रसंगाची टीप दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलेली आहे. अशा वेळी मिनिटामिनिटाचा तक्ता करून ही तफावत तज्ज्ञ साक्षीदारापुढे नेमक्या प्रश्नांच्या रूपात मांडावी लागते, कारण उपचारांत कसूर झाली की नाही हे बहुधा तज्ज्ञाच्या साक्षीवरच ठरते. (हस्ताक्षर लावण्याचा त्रास वेगळाच!) याला फायली लावणे म्हणणे अन्यायाचे आहे.