यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम: आधी नकाशा की आधी ग्रंथ?

घाटवाट:
आमच्या अभ्यासगटात या तीन धर्मांची ओळख करून घेताना मी हट्टाने आधी उंचसखलपणा दाखवणारा उठावाचा नकाशा पसरला. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत एक माणूस यरुशलेमहून ‘खाली’ यरीहोला निघतो आणि वाटेत लुटला जातो. ते ‘खाली’ मी वर्षानुवर्षं नुसतं वाचून पुढे जायचे. नकाशावर बोट फिरवलं तेव्हा उमगलं. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर वर, यरीहो सुमारे २५० मीटर खाली. पंचवीसएक किलोमीटरांत हजार मीटरचा उतार, तोही ओसाड डोंगरांतून! वर यरुशलेमला जायच्या यात्रेशी जोडलेल्या बायबलमधल्या १५ स्तोत्रांना (१२० ते १३४) ‘आरोहण’ म्हणजे चढणीची स्तोत्रे का म्हणतात, ते मग कुणी विचारलंच नाही. माझं मत पक्कं आहे: आधी नकाशा.

पानोपानी:
असहमत. उतार पटला, निष्कर्ष नाही. नकाशा हेही कुणाचं तरी मतच असतं. १५८१ मध्ये ब्युंटिंग या जर्मन धर्मपंडिताने युरोप, आशिया, आफ्रिका अशा तीन पाकळ्या काढून मधोमध यरुशलेम बसवलं. ती श्रद्धा होती, मोजणी नव्हे. मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो सीनाय पर्वत नेमका कुठला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, नकाशात मात्र ठाम ठिपका असतो आणि शिकणारा त्यावर विश्वास ठेवतो. शिवाय इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेमचं यहुदी मंदिर पडलं, लोकांना बाबिलोनला नेलं, तरी धर्म टिकला. जमीन सुटल्यावर टिकला!

उत्तरायण:
ठिपक्याबद्दल सहमत. पण दिशेचं काय? मदीनेत सुरुवातीला नमाज यरुशलेमकडे तोंड करून होत असे, ६२४ च्या सुमारास किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, मक्केकडे वळला. मदीनेहून यरुशलेम उत्तरेला, मक्का दक्षिणेला. म्हणजे उभ्या रांगांना चक्क पाठमोरं व्हावं लागलं. केवढा मोठा बदल तो! नुसतं ‘किब्ला बदलला’ वाचून हे डोळ्यांपुढे येत नाही.

घाटवाट:
@पानोपानी, सीनायपाशी यापुढे प्रश्नचिन्ह काढेन, हे मान्य. पण जमीन सुटली तरी दिशा कुठे सुटली? आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनागृहात) तोरा हा धर्मग्रंथ ठेवायचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला असतं, यरुशलेमच्या बाजूला.

पानोपानी:
मान्य. पण कोकणातल्या गावांनी त्यांना ओळखलं ते दिशेवरून नाही. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळायला नकाशा लागत नाही. तुमच्या गटात पहिल्या दिवशी तो शनिवार घ्या, यरीहोचा उतार दुसऱ्या दिवशी.