जिरेनियमच्या कटिंग्ज खालून काळ्या पडतायत, बियांपासूनच करावं का?

खिडकीतली_बाग
नमस्कार मंडळी, माझ्याकडे लाल जिरेनियमचं एक जुनं झाड आहे, गोल पानांवर गडद पट्टा असतो ना तेच. खोड खालून पार लाकडासारखं झालंय आणि पानं फक्त शेंड्याला उरलीत, म्हणून त्याचीच नवीन रोपं करायचीत. फांदी कापली की लगेच ओल्या मातीत खोचते आणि वरून प्लास्टिकची पिशवी घालते, गुलाबाला असंच करतात म्हणून. पण देठ खालून काळा आणि मऊ पडायला लागतो, तो काळेपणा वर वर चढतो आणि फांदी कोलमडते. बियांचं पाकीट आणलं तर जास्त सोपं पडेल का? फुलं यायला किती वेळ लागतो? आणि याच झाडाला चोचीसारख्या लांब शेंगा धरल्यात, त्यातल्या बिया पेरल्या तर असाच लाल रंग येईल का? कृपया सविस्तर सांगा, झाड खूप आवडतं आहे.

पानोपानी
ताई, आधी ती पिशवी काढा. गुलाबाला जे चालतं ते जिरेनियमला चालत नाही. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं झाड, देठ मांसल, पाणी देठातच साठवून ठेवतं, त्यामुळे मुळं नसतानाही फांदी बरेच दिवस तग धरते. तिला सुकण्याची भीती कमी आणि सडण्याची जास्त. तुम्ही सांगताय तो काळा देठ म्हणजे पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जंतूचं काम, ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की तो फोफावतो. एकदा काळं पडायला लागलं की औषधाच्या नादी लागू नका, वर हिरवा कडक भाग भरपूर उरला असेल तर तिथून नव्याने कापा, नाहीतर फेकून द्या, आणि ती माती पुन्हा कटिंगला वापरू नका.

आता मी कशी करते ते सांगते. शेंड्याकडची हिरवी, जोमदार, फूल नसलेली फांदी घ्यायची, साधारण ८ ते १० सेंटीमीटर. लाकडासारखा झालेला भाग नको, त्याला मुळं फुटायला फार वेळ लागतो. पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली धारदार ब्लेडने कापायचं, ब्लेड आधी स्पिरिटने पुसून घ्यायचं. वरची दोन तीन पानं ठेवून खालची सगळी काढायची, कळ्या असतील तर मन घट्ट करून त्याही खुडायच्या, आणि पानाच्या देठाशी जे छोटे पापुद्रे असतात ना तेही काढायचे कारण सडायला सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. मग फांदी सावलीत नुसती ठेवून द्यायची, काही तास किंवा रात्रभर, कापलेली जागा कोरडी होऊन तिच्यावर खपली धरली पाहिजे. पानं जरा मलूल दिसतील, घाबरू नका.

नंतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे, पाणी साचू देत नाहीत) निम्मं निम्मं, नाहीतर नुसती जाड धुतलेली वाळू, छोट्या कुंडीत भरून फांदी दोनेक पेरं आत जाईल इतकी खोचायची, एकदा पाणी द्यायचं आणि मग वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही. पानांवर फवारा नको. उजेड भरपूर पण थेट कडक ऊन नको, २० अंशांच्या आसपास हवा असली की २ ते ४ आठवड्यांत मुळं धरतात. फांदी उपटून बघायची नाही हं, शेंड्याला नवीन पान आलं की समजायचं खाली काम झालंय.

आणि जुनं खोड टाकू नका. प्रत्येक फांदीवर दोन तीन पेरं ठेवून कापलं की खालून नवे फुटवे येतात, झाड पुन्हा भरतं.

बीजांकुर
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त बियांबद्दल लिहितो कारण मला बियांपासून करायला जास्त आवडतं आणि लोक उगाच घाबरतात.

तुमच्या शेंगांमधल्या बियांपासून रोपं येतील पण रंग हाच येईल याची खात्री नाही. झाड संकरित असेल तर पुढच्या पिढीत रंग, उंची, पानावरचा पट्टा सगळं वेगवेगळं निघतं. हेच झाड हवं असेल तर कटिंगला पर्याय नाही. १९६० च्या दशकात बियांपासून एकसारखी येणारी वाणं निघाली, त्याआधी बागवाले मुख्यतः कटिंगवरच अवलंबून असायचे. अजूनही दाट पाकळ्यांची, पांढऱ्या पिवळ्या कडांच्या पानांची आणि मोठ्या फुलांची रीगल जात कटिंगनेच करतात, पाकिटातली बहुतेक एकेरी पाकळ्यांची असतात.

पाकीट घेताना पेलार्गोनियम, म्हणजे तुमच्या या झाडाचं शास्त्रीय नाव, लिहिलंय का बघा. नुसत्या जिरेनियम नावाने थंड प्रदेशातलं दुसरंच बारमाही झाड पण विकतात, त्याच्या बियांना बऱ्याचदा आधी गारवा द्यावा लागतो.

पाकिटातलं बी बहुतेक वेळा आधीच घासलेलं असतं. घरच्या बियांचं कवच मात्र टणक असतं, पिसासारखी शेपटी काढून टाकायची आणि बी बारीक पॉलिश पेपरवर हलकं घासायचं, आतला गाभा दिसेपर्यंत नाही, नुसतं वरची चमक जाईपर्यंत, म्हणजे पाणी आत शिरतं. निर्जंतुक हलक्या मिश्रणात अर्धा सेंटीमीटर खोल पेरायचं. मातीचं तापमान २१ ते २४ अंश असलं की बरीचशी एक ते दोन आठवड्यांत उगवतात, काही रेंगाळतात, म्हणून ट्रे लगेच ओतून टाकू नका.

खरी काळजी उगवल्यावर. उजेड कमी पडला की रोपं लांबुडकी होतात, आणि माती सतत ओली राहिली की जमिनीलगत देठ बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात. म्हणून पाणी खालून द्यायचं, ट्रेमध्ये थोडा वेळ ठेवून उरलेलं ओतून टाकायचं, आणि हवा खेळती ठेवायची. उगवतानाच्या पहिल्या दोन दलांनंतर येणारी खरी पानं दोन तीन आली की वेगळ्या कुंडीत. पेरल्यापासून फुलापर्यंत साधारण ४ महिने धरा, उजेड कमी असेल तर अजून जास्त. कटिंगला त्यापेक्षा बरंच लवकर फूल येतं.

बियांचा एक मोठा फायदा कोणी सांगत नाही. जिरेनियमचा जिवाणूजन्य करपा, ज्यात पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा भाग येतो आणि मग झाड मलूल होतं, तो कटिंगमधून आणि ब्लेडवरून पसरतो पण बियांतून येत नाही. तुमच्या जुन्या झाडावर असं काही दिसत असेल तर त्याची कटिंग घेऊच नका.

ओलावा
मी तर सरळ पाण्याच्या ग्लासात ठेवतो आणि मुळं येतात की.

पानोपानी
@ओलावा येतात, नाही म्हणत नाही, पण ती मुळं नाजूक असतात आणि मातीत लावल्यावर बरीच दगावतात. पाण्यातच करायचं असेल तर पाणी वरचेवर बदला आणि मुळं बोटाच्या पेराएवढी व्हायच्या आतच कुंडीत हलवा.

खिडकीतली_बाग
बापरे किती छान समजावलंत, दोघांचेही आभार. पानांवर पिवळं काही नाहीये, तेव्हा कटिंगच करते आणि हौस म्हणून शेंगांतल्या बियाही पेरून बघते, रंग कुठलाही येवो. मुळं लवकर फुटावीत म्हणून लावतात ती रूटिंग पावडर लागेल का? आणि शेंगा कधी तोडायच्या?

बीजांकुर
पावडरशिवाय मुळं आरामात फुटतात, लावायचीच असेल तर खपली धरायच्या आधी अगदी चिमूटभर, जास्तीची झटकून टाका. शेंग तपकिरी होऊन खालून सुटायला लागली की लगेच काढा, एका शेंगेत जास्तीत जास्त ५ बिया असतात आणि सुकली की त्या आपोआप सुटून वाऱ्यावर उडून जातात. मी शेंगेवर पातळ कापडाची छोटी पिशवी सैल बांधून ठेवतो. आणि घरात मांजर कुत्रं असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा, हे झाड त्यांना बाधतं.