मदत हवी आहे: बाईंचा फॉर्म म्हणतो ‘काहीच नाही’, आमचा म्हणतो ‘सगळंच आहे’. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, तो त्रास) निदान करायचं कसं?

गोदाकाठ

नमस्कार. एरवी मी इथे पाककृती वाचून पळणारी, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

लेक १३ वर्षांची, आठवीत. आम्ही नाशिकला असतो. पोरगी शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डबा शाळेत राहतो, कंपास रिक्षात, स्वेटर तर या वर्षात तिसरा. गणित घरी नीट येतं, परीक्षेत पान उलटून मागचे प्रश्न बघायचे राहूनच जातात. अभ्यासाला बसली की दीड तासात एक उतारा. तीच मुलगी क्रोशाची सुई घेऊन तीन तास मान वर करत नाही. सासूबाई म्हणतात, "बघ, मनात आणलं की जमतं." यावर काय बोलावं मला सुचत नाही.

दिवाळीपासून रात्री रडायला लागली. "आई, मी ढ आहे का गं?"

शेजारणीच्या सांगण्यावरून आधी ती बोटांच्या ठशांची डीएमआयटी चाचणी केली. साडेपाच हजार रुपये आणि रंगीत चाळीस पानं. हसू नका.

मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी एक फॉर्म आम्हाला दिला, एक वर्गशिक्षिकेला. लक्षाबद्दलच्या नऊ प्रश्नांपैकी आठांना आम्ही ‘बरेचदा’ किंवा ‘खूपदा’ लिहिलं. बाईंनी नऊच्या नऊ ‘कधीच नाही’, आणि खाली शेरा, ‘गुणी मुलगी’. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या, लक्षणं दोन ठिकाणी दिसल्याशिवाय एडीएचडी म्हणता येत नाही, ही बहुधा चिंता आहे, तीन महिन्यांनी या.

(फॉर्म भरताना नवरा मध्येच गप्प झाला. नंतर म्हणाला, यातलं निम्मं माझंच आहे.)

खरंच नुसती चिंता असेल का? बाईंचा फॉर्म असा आला की विषय संपतो का? आणि एमआरआयमध्ये हे दिसत नाही का एकदाचं?

वांगीपोहे

ताई, डीएमआयटीत आम्हीही पोळलोय, एकट्या नाही तुम्ही. ठशांवरून मुलाचा मेंदू कळतो याला शास्त्रीय आधार नाही. एमआरआयचंही तेच, एडीएचडी ठरवणारा स्कॅन किंवा रक्ततपासणी आजतरी नाही. कुणी ‘ब्रेन मॅपिंग’चं पॅकेज गळ्यात मारायला लागलं तर चपला घालून निघा.

ओपीडी_नंतरचा_चहा

बालमानसोपचारात काम करते. मुलीला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. फक्त तुमच्या सायकॉलॉजिस्टशी काय बोलायचं ते सांगते.

दोन ठिकाणांची अट खरी आहे, डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणारं अमेरिकन पुस्तक) तसंच आहे. पण शिक्षकांचा फॉर्म हा त्या अटीचा एक पुरावा झाला, ती अट नव्हे. साठ मुलांच्या वर्गात खिडकीशेजारी बसून फळ्याकडे बघणारी मुलगी बाईंना ‘गुणी’च दिसणार. तिच्या वर्गातल्या वह्या उघडा. अर्धवट राहिलेला फळा, तारीख घातलेलं कोरं पान, दुसऱ्याच विषयाच्या वहीत उतरवलेला गृहपाठ, हे सगळं शाळेतच घडलंय ना? क्लासच्या सरांकडून वेगळा फॉर्म भरून घ्या. कुठला फॉर्म होता तेही विचारा. व्हँडरबिल्ट असेल तर तो मुळात ६ ते १२ वयासाठी बनलाय, तिच्या वयाला चालणारी दुसरी प्रश्नावली वापरता येईल.

मुलींच्या बाबतीत हे नेहमी होतं. आपलं बरंच ज्ञान वर्गात उड्या मारणाऱ्या मुलग्यांवरून आलंय. औषधांबद्दलचा अमेरिकेतला गाजलेला एमटीए अभ्यास १९९९ सालचा. त्यातल्या ५७९ मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलगे होते. स्वप्नात हरवलेली पोर बाकांवरून पळत नाही, म्हणून तिला कुणी पाठवतच नाही. पाठवतात ते थेट रडायला लागल्यावर, आणि मग रडणंच निदान होऊन बसतं.

चिंता नाही असं नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. आधी काय आलं ते शोधा. डीएसएममध्ये पूर्वी लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत अशी अट होती, २०१३ मध्ये ती बाराव्या वर्षावर आणली. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं काढा. पहिली-दुसरीतले शेरे सोन्याच्या मोलाचे.

नवऱ्याचं वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा. हा त्रास घराण्यात चालतो. आणि सासूबाईंना सांगा, आवडीच्या गोष्टीत तासन्‌तास बुडणं हेही यात दिसतं. लक्ष असतं, ते हवं तिथे वळवता येत नाही.

अजून एक. हरवते तेव्हा हाक मारली, खांद्याला हात लावला की भानावर येते का? काही सेकंद पूर्ण गोठून, हाकेलाही ओ न देता, आणि मग पुन्हा जणू काही झालंच नाही अशी वागत असेल तर तो फिटचा प्रकार असू शकतो, त्याला ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) लागतो. डोळे, कान, झोप, हिमोग्लोबिन, थायरॉइड एकदा बघून घ्या.

दोन_वेण्या

माझं निदान चौतिसाव्या वर्षी झालं. ‘गुणी मुलगी’ हा शेरा माझ्याकडे दहावीपर्यंतचा आहे. तिला ‘ढ नाहीस’ असं नुसतं सांगू नका, पटत नाही. मला नाही पटायचं.

वांगीपोहे

दहावीच्या सवलतींसाठी धडपडत असाल तर लक्षात घ्या, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे, एडीएचडीचं नाव नाही. गणित-लेखनाचीही तपासणी करून घ्या, पुष्कळदा दोन्ही जोडीने असतं. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. रांग मात्र लांब.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. रात्री माळ्यावरची ट्रंक काढली. दुसरी: ‘हुशार आहे, पण वर्गात मन नसते.’ चौथी: ‘सूचना पुन्हापुन्हा द्याव्या लागतात.’ सहावीत शाळा बदलली, तिथून पुढे ‘शांत’, ‘शांत’, ‘गुणी’.

हाक मारली की भानावर येते, पण दोन-तीनदा मारावी लागते. हाताला स्पर्श केला की लगेच. वह्यांचे फोटो काढलेत. भूगोलाच्या वहीत सलग नऊ पानांवर फक्त तारीख आहे.

क्लासच्या सरांना फॉर्म द्यायचा, पण ते बाहेर बोलतील अशी तिला भीती वाटते, आणि तिला न विचारता द्यायचा नाही असं मी ठरवलंय. कुणी आपल्या मुलीला हे कसं समजावलं होतं? गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, त्याआधी लिहिलंत तर बरं.