लठ्ठपणावर दहा मिनिटांचा माहितीपट करतोय, आराखडा तपासून द्याल का?

सहा_आठवडे:
नमस्कार मंडळी. आम्ही पाच विद्यार्थी लठ्ठपणावर दहा मिनिटांचा माहितीपट करतो आहोत. सहा आठवड्यांनी जमा करायचा आहे. हाताशी एक मिररलेस कॅमेरा, १८-५५ ची लेन्स, ट्रायपॉड, दोन फोन आणि वायरचा एक कॉलर माइक आहे.

सध्या ठरलंय ते असं. सुरुवातीला गर्दीतल्या जाड माणसांची मागून घेतलेली दृश्यं, चेहरे न दाखवता, आणि त्यावर निवेदनातून आकडे. मग कारणे, परिणाम, उपाय असे तीन भाग. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, व्यायाम प्रशिक्षक आणि लठ्ठपणा असलेले दोघं, अशा पाच मुलाखती. शेवटी वजन कमी केलेल्या एकाचे आधीचे आणि नंतरचे फोटो.

एवढं सगळं दहा मिनिटांत मावेल का? बीएमआयचे (वजन आणि उंचीवरून काढलेल्या निर्देशांकाचे) आकडे जागोजागी वेगळे दिसतात, त्यातले कोणते धरायचे? आणि चित्रीकरणात नेमकं काय बिघडतं, म्हणजे आधीच काळजी घेता येईल?

कात्री:
मावणार नाही. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. शीर्षक, श्रेयनामावली आणि निवेदन वजा केलं की मुलाखतींना फार तर सहा मिनिटं उरतात. पाच जणांत वाटली तर माणशी ७२ सेकंद. तेवढ्यात कुणीही पाठ असलेलं वाक्यच बोलतो. दोन, फार तर तीन माणसं ठेवा.

कारणे-परिणाम-उपाय हा निबंधाचा सांगाडा आहे. माहितीपटाला एकच प्रश्न पुरतो, पण तो डोळ्यांना दिसणारा हवा. तुमच्या विषयातला असा एक प्रश्न सुचवतो: वजन जास्त असलेला माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा तिथल्या वस्तू त्याच्या मापाच्या असतात का? हातांच्या खुर्च्या, अरुंद तपासणी टेबल, वजनकाट्याची कमाल मर्यादा, रक्तदाबाचा पट्टा. यातली प्रत्येक गोष्ट कॅमेऱ्यात पकडता येते.

पट्ट्याचंच बघा. नेहमीच्या मापाचा पट्टा जाड दंडाभोवती गुंडाळला की वेलक्रोची टोकं एकमेकांना जेमतेम शिवतात. हवा भरायला लागली की ती करकरत सुटायला लागतात. तपासणारी व्यक्ती थांबते, पट्टा ओढून परत बसवते, पुन्हा हवा भरते. दंड, पट्टा, दोन हात, एवढीच चौकट ठेवून हे वीस सेकंद न कापता दाखवलंत, तर निवेदनाची तीन वाक्यं वाचतील.

सुरुवातीचं दृश्य मात्र काढून टाका. मान उडवलेल्या, पाठमोऱ्या शरीरांवर आकडे टाकणं ही बातम्यांत रुळलेली पद्धत आहे आणि ती वाईट आहे. त्या माणसांची परवानगी नसते. चेहरा नसला तरी ओळखीचे लोक कपड्यांवरून, चालीवरून ओळखतातच. शिवाय अशी चित्रं पाहणाऱ्याच्या मनात लठ्ठ माणसांविषयीचा आकस वाढतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. तयार चित्रं लागलीच तर वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशनचा मोफत चित्रसंग्रह पाहा. त्यात माणसं कामं करताना, बोलताना, चेहऱ्यासकट दिसतात.

आधी-नंतरचे फोटोही नकोत. वजन उतरल्यावर शरीर ते परत मिळवू पाहतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आहार कमी करून वजन उतरवलेल्या लोकांची भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्वपदावर आलेली नव्हती. तो फोटो दाखवून तुम्ही गोष्ट संपल्याचं सांगता, आणि तो माणूस अजून त्या गोष्टीच्या मधोमध असतो.

चयापचय:
आकड्यांबद्दल.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वजन ८२ किलो, उंची १.६४ मीटर असेल तर १.६४ चा वर्ग २.६९ आणि उत्तर ३०.५. उंचीचा वर्ग करायचा राहून जातो, ही नेहमीची चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत प्रौढांसाठी २५ पासून पुढे अतिवजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. आशियाई लोकांमध्ये तेवढ्याच बीएमआयला शरीरातली चरबी जास्त असते आणि मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो. म्हणून संघटनेच्याच तज्ज्ञगटाने २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले, मूळ वर्गवारी मात्र तशीच ठेवली. तुम्हाला वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे. कोणताही धरा, पण धरलेला निकष पडद्यावर लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ५ ते १९ वयाला हे आकडे चालत नाहीत. तिथे वय आणि लिंगानुसार वाढीचे तक्ते वापरतात.

बीएमआयला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही. लोकसंख्येचा अंदाज घ्यायला तो बरा, एका माणसाचा निवाडा करायला अपुरा. त्याच्या जोडीला कंबरेचा घेर सांगणार असाल तर मोजण्याची जागा नीट दाखवा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर. पँटचा पट्टा बांधतो तिथे टेप लावली तर पोट वर राहतं आणि माप कमी येतं.

जागतिक आकडे २०२२ चे घ्या. अतिवजन असलेले प्रौढ २५० कोटी, आणि त्यातलेच ८९ कोटी लठ्ठपणा असलेले. दुसरा आकडा पहिल्यात धरलेला आहे, दोन्हींची बेरीज करू नका. 'जगात आठांत एकाला लठ्ठपणा' हे वाक्य मुलांसकट सगळ्या लोकसंख्येचं आहे. त्यात 'प्रौढ' शब्द घातलात की ते चुकतं.

कारणांबद्दल 'खातात जास्त, हलतात कमी' एवढ्यावर थांबू नका, कळकळीने सांगतो. भूक ही इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. चरबीच्या पेशी मेंदूला साठ्याची खबर देतात. त्यासाठीचं लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून वजनातल्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक असल्याचं दिसतं. पण काही दशकांत जनुकं बदललेली नाहीत, भोवतालचं अन्न आणि दिनक्रम बदलला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तुमच्या माहितीपटाने प्रेक्षकाला यातली एखादी निवडायला लावू नये.

ठोस उदाहरण हवं तर २०१९ मधला अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा प्रयोग घ्या. २० प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेलं. ताटात मांडलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू जुळवलेले होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या प्रकारात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि सरासरी ०.९ किलो वजन वाढलं. दुसऱ्यात जवळपास तेवढंच उतरलं. सांगताना 'फक्त २० जण, फक्त चार आठवडे' हेही त्याच दमात सांगा.

पट्ट्याविषयी वर लिहिलंय त्यात भर. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाभोवती यावी लागते. पट्टा लहान असला की रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. सगळ्यात मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी २० ने चढा आला, असं २०२३ च्या एका चाचणीत दिसलं. म्हणजे ज्याचा रक्तदाब ११८ आहे त्याच्या कागदावर १३८ लिहिलं जाऊ शकतं. हे ग्राफिक नक्की करा.

बूम_खाली:
कॅमेऱ्याने शरीर खोटं दिसू शकतं, ते आधी सांभाळा. लेन्स १८ मिलिमीटरवर, म्हणजे सगळ्यात रुंद कोनावर, ठेवून जवळ गेलात की जे अंग पुढे असेल ते फुगतं. बसलेल्या माणसाचं पोट आणि गुडघे पुढे असतात, म्हणून तेच मोठे दिसतात. कॅमेरा दोन मीटर मागे न्या, लेन्स ५० ते ५५ वर आणि कॅमेरा त्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर. ट्रायपॉड आळसाने कमरेच्या उंचीवर ठेवला तर प्रत्येक चौकटीत पोट वरचढ होतं.

त्या लेन्सचं छिद्र ५५ वर बहुधा एफ/५.६ पेक्षा मोठं उघडत नाही, उजेड कमी पडतो. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा आणि छताचे दिवे बंद करा, नाहीतर चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड पडतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, ६० हर्ट्झची असेल तर ३० आणि १/६०. हे चुकलं की दिव्यांची थरथर सगळ्या फुटेजवर येते आणि संकलनात धड जात नाही.

खुर्ची: हात नसलेली, रुंद, भक्कम, चाकं नसलेली. ती आधीच मांडून ठेवा. माणूस आल्यावर खुर्ची बदलायची वेळ आली तर मुलाखतीचा सूर तिथेच गेला.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मध्यावर. बसल्यावर कपडा पोटाशी गोळा होतो आणि वायर ताणली जाते, मग प्रत्येक हालचालीला खरखर. वायरला माइकखाली एक ढिला वळसा ठेवून चिकटपट्टीने आतून चिकटवा. वायर कपड्याखालून त्या व्यक्तीला स्वतःला, आडोशाला जाऊन घेऊ द्या. तुम्ही ओढाताण करू नका. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, पातळी आपोआप कमी-जास्त करणारं ऑटो बंद. पंखा बंद करायला लावा, आणि शेवटी सगळ्यांनी गप्प बसून ३० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. तुकडे जोडताना ती लागतेच.

माइक फोनला जोडणार असाल तर विमान मोड चालू करा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, तिच्यावरून चित्र आणि आवाज जुळवता येतात. दुसऱ्या फोनवर चित्रीकरण केलंत तर त्याचा फ्रेम रेट मध्येच कमी-जास्त होत राहतो, आणि लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू फाकतात. संकलनाच्या टाइमलाइनवर टाकण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या.

सहा_आठवडे:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन भागांचा आराखडा रद्द केला. आता एक दवाखाना, एक डॉक्टर आणि दोन माणसं. पण त्या दोघांतली एक १७ वर्षांची आहे. तिच्या संमतीचं काय? आणि वजनाचा विषय तिच्याशी कसा काढायचा?

सही_आधी:
पालकांची लेखी संमती हवी आणि तिची स्वतःचीही. दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की नाही. कागदावर 'चित्रीकरणाला हरकत नाही' एवढंच लिहू नका. कुठे दाखवणार, इंटरनेटवर टाकणार का, किती काळ ठेवणार, हे वेगवेगळ्या ओळींत लिहा आणि प्रत्येकीसमोर सही घ्या. कॉलेजात दाखवायला हो आणि इंटरनेटला नाही, असं उत्तर येऊ शकतं. कच्चं संकलन तिला दाखवायचं आणि अंतिम प्रत निघेपर्यंत ती माघार घेऊ शकते, हेही लिहून द्या. तसं झालं तर हातात काय उरतं, ते आत्ताच ठरवून ठेवा. दवाखान्याची लेखी परवानगी वेगळी. तिथे चौकटीच्या कडा तपासा: नावं लिहिलेल्या फायली, चालू संगणक, मागे बसलेले रुग्ण.

वजनाचा आकडा विचारू नका आणि कॅमेऱ्यासमोर काट्यावर उभं करू नका. आकडा आला की प्रेक्षक ऐकायचं सोडून अंदाज बांधतो. मुलाखतीआधी विचारा की तिला स्वतःसाठी कोणता शब्द चालतो: लठ्ठ, जाड, वजन जास्त असलेली. तिने सांगितलेलाच शब्द निवेदनातही वापरा. 'तुला वाईट वाटतं का?' याचं उत्तर हो किंवा नाही. त्याऐवजी 'दवाखान्याच्या दारापासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत काय काय झालं, ते सांग' म्हणा. प्रश्नातले शब्द उत्तरात घेऊन बोलायला सांगा, कारण तुमचा आवाज कापला जाणार आहे. उत्तर संपलंय असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. महत्त्वाचं वाक्य पुष्कळदा त्यानंतर येतं. आणि एक ओळखीचं मोठं माणूस खोलीत असू द्या, पण तिच्या नजरेच्या रेषेत नको.

इंटरनेटवर टाकलंत तर प्रतिक्रिया बंद ठेवा आणि वर दिसणारं चित्र तिच्या पसंतीचं लावा.

कात्री:
वेळेचं गणित: पहिला आठवडा परवानग्या, दुसरा आणि तिसरा चित्रीकरण, चौथा सगळ्या मुलाखती वेळेच्या नोंदीसह लिहून काढायला. कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पाचव्या आठवड्यात क्लिपा शोधण्यातच दिवस जातात. लिहिलेल्या कागदांवर वाक्यं अधोरेखित करून क्रम लावा, मगच संगणकाला हात लावा. पाचव्यात कच्चं संकलन आणि तिला दाखवणं, सहाव्यात आवाज आणि उपशीर्षकं. माणूस चालताना विनोदी वाद्यं नकोत आणि बोलताना रडवा पियानोही नको.

पट्ट्याचं दृश्य त्या दोघांपैकी वयाने मोठ्या माणसासोबत, त्याची हरकत नसेल तरच घ्या. नेहमीची तपासणी होते तशी होऊ द्या, मुद्दाम लहान पट्टा लावायला सांगू नका. माइक पट्ट्यापासून वीतभर अंतरावर धरा, वेलक्रोचा आवाज स्वच्छ यायला हवा. मग योग्य मापाचा पट्टा लावून त्याच चौकटीत पुन्हा घ्या. दोन्ही वेळा यंत्राचा पडदा दिसू द्या, आणि मध्ये त्याला पाच मिनिटं शांत बसू द्या, नाहीतर आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.